गेटबाहेरची माती

मागच्या अंगणावर काचेची खोली बांधायची, हे माझ्या मुलाने मला बुधवारी सकाळी इडली खाता खाता सांगितलं. सोमवारी काँट्रॅक्टर येणार. खाली काँक्रीट, वर काच आणि आत माझ्यासाठी व्यायामाची सायकल.

"तुझ्यासाठीच करतोय, आई," ईशान म्हणाला.

अय्यो, माझ्यासाठी! गेले सात महिने या घरात मला नको असलेली प्रत्येक गोष्ट माझ्यासाठीच होते आहे. बाथरूममध्ये तीन दांडे, माझ्यासाठी. जिन्याला जाळीचं दार, माझ्यासाठी. आणि पुढच्या गेटला चार आकड्यांचं कुलूप, तेही माझ्यासाठीच. त्याचा नंबर मला सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे. कामाला येणाऱ्या धनलक्ष्मीलासुद्धा.

कुलुपाचं कारण सांगते. सात फेब्रुवारीला मी बेंगळुरूतल्या आमच्या हेब्बाळच्या तळ्याकडे फिरायला निघाले आणि गेटपासून दहा पावलांवर फूटपाथची सुटलेली फरशी पायाखाली उलटली. खुब्याचं हाड मोडलं. पंचवीस मिनिटं मी तिथे पडून होते. ईशान त्या दिवशी घरूनच काम करत होता, वरच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून. मी इकडे त्याच्या नावाने ओरडतेय आणि तो तिकडे कुणाला तरी तक्ते समजावून सांगतोय. शेवटी एका ऑटोवाल्याने आमची बेल वाजवली. हॉस्पिटलात ईशान लहान मुलासारखा रडला. मग घरी येऊन त्याने ते कुलूप लावलं.

"घराला आग लागली तर मी काय करू?" असं मी एकदा त्याला विचारलं होतं.

"मला फोन कर."

म्हणजे मी इकडे भाजणार आणि हा तिकडून नंबर सांगणार! पण बोलून उपयोग नव्हता. माझ्या पडण्याचा विषय निघाला की त्याचा चेहरा असा काही होतो की मलाच गप्प बसावं लागतं.

ईशान आणि माझी सून यशश्री नऊला ऑफिसला जातात. धनलक्ष्मी बाराला निघते, जाताना बाहेरून कुलूप फिरवते. तिथून संध्याकाळी साडेसहापर्यंत मी, माझा वॉकर आणि मागचं अंगण. अंगण म्हणजे बारा बाय वीस फुटांचा तुकडा, तीन बाजूंना पुरुषभर उंचीच्या भिंती. पण वर आभाळ आहे आणि पायाखाली माती आहे. या घरात मला दाराबाहेर पाऊल टाकायला उरलेली ती एकच जागा, आणि आता ती बुजवायची निघाले होते.

"तिथे काही उगवतही नाही, आई," यशश्री समजुतीने म्हणाली. ती पुण्याची, स्वभावाने गरीब. "पाऊस पडला की दोन दिवस चिखल. तुम्ही घसराल."

हे मात्र खोटं नव्हतं. अंगणाची दशा मला बघवत नव्हती. कढीपत्त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या. मोगऱ्याला दीड वर्षात कळी नाही. ऊन पडलं की माती सिमेंटच्या गिलाव्यासारखी कडक व्हायची, खुरपं आपटलं तर टणकन वाजायचं. पाऊस पडला की पाणी वरच तुंबायचं, आत शिरायचंच नाही. मी काय कमी केलं होतं? शेणखत घातलं, भाजीपाल्याचं कंपोस्ट घातलं, पालापाचोळा पसरला. एक गांडूळ दिसेल तर शपथ.

आणि मी कोण? मी कल्पना, जन्म चामराजपेटचा, एकतीस वर्षं सरकारी मातीपरीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी. सायंटिस्ट नव्हे हं, असिस्टंट. पण कोलारपासून चामराजनगरपर्यंतची माती या हातांनी चाळली आहे. आणि माझ्याच अंगणाला काय झालंय हे मला कळू नये? शेजाऱ्यांपाशी ईशानला हळूच म्हणताना मी ऐकलं होतं, "आईला आता पूर्वीसारखं सुचत नाही." ते मला फार लागलं होतं.

म्हणून बुधवारी मी इडलीची ताटली बाजूला सारली आणि म्हटलं, "रविवारपर्यंत थांब. मातीला काय झालंय ते मी शोधून काढते."

"आई, बिल्डरने भंगार माती टाकलीय, दुसरं काय?"

"ते तू ठरवू नकोस. पुरावा देते. पटला तर खोली रद्द."

ईशान इंजिनियर आहे. पुरावा म्हटलं की तो पाघळतो. "ओके," तो म्हणाला. "पण आई, नाही सापडलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. प्रॉमिस?"

"सरी," मी कन्नडात होकार दिला.

त्याच दुपारी मी अंगणातली पाच-सहा ढेकळं काढली आणि पंख्याखाली वर्तमानपत्रावर वाळत घातली. लॅब नव्हती, यंत्रं नव्हती. पण एक परीक्षा अशी आहे की तिला ग्लासभर पाण्यापलीकडे काही लागत नाही. फक्त ते पाणी अगदी शुद्ध हवं. आमच्या जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असतो. गुरुवारी सकाळी त्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं आणि सुपारीएवढं वाळकं ढेकूळ हलकेच आत सोडलं. ढवळायचं नाही, धक्का द्यायचा नाही, नुसतं बघत बसायचं.

दहा मिनिटांत ढेकळाभोवती धुरासारखं काहीतरी पसरायला लागलं. अर्ध्या तासात ग्लासातलं पाणी चहासारखं गढूळ. मी दुसऱ्या ग्लासात दुसरं ढेकूळ टाकलं, तिसऱ्यात तिसरं. तेच. हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं होतं. मातीत सोडियम साचला की तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. पाण्यात सुटे होतात, मधली भोकं बुजवतात. मग हवा नाही, पाणी नाही, मुळं आतल्या आत गुदमरतात.

पण बेंगळुरूच्या तांबड्या मातीत इतका सोडियम येणार कुठून? मी डोकं धरून बसले.

अकराला बेल वाजली. धनलक्ष्मीने गेट उघडलं आणि नागराज आत आला. खांद्यावर पंचवीस किलोचं पोतं. नागराज दर महिन्याला येतो, आमच्या पाणी मऊ करायच्या मशीनमध्ये मीठ भरायला.

मीठ! मी त्या पोत्याकडे बघतच राहिले.

आमच्या बोअरचं पाणी भयंकर जड. बादल्यांवर पांढरे थर, केसांचा काथ्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी ते मशीन बसवलं. ते पाण्यातला चुना काढून घेतं आणि त्याच्या जागी मिठातला सोडियम सोडतं. अंघोळीला झकास. धुण्याला झकास. आणि बागेला? बागेच्या नळाला सुरुवातीला बोअरचंच पाणी होतं. त्याने पानांवर पांढरे डाग पडायचे. तर एका बाईने हट्ट धरला की आम्ही मऊ पाण्याने न्हायचं आणि माझ्या झाडांनी काय पाप केलंय? त्यांनाही चांगलं पाणी द्या. ईशान नको म्हणत होता. त्या बाईने दोन दिवस अबोला धरला. शेवटी भिंत फोडून बागेचा नळ मशीनच्या पायपाला जोडला.

ती बाई मीच.

"अम्मा, काय झालं? चक्कर येतेय का?" धनलक्ष्मीने कन्नडात विचारलं. मी मान हलवली आणि खुर्चीत टेकले. एकतीस वर्षं मी शेतकऱ्यांना दटावत आले, मातीबरोबर पाणीही तपासायला आणा म्हणून. आणि स्वतःच्या अंगणात दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, मायेने मिठाचं पाणी ओतत राहिले. लाज वाटली हो. इतकी लाज मला दिराच्या लग्नात पाय घसरून पडले तेव्हाही वाटली नव्हती.

खोटं कशाला बोलू, गप्प बसायचं मनात आलं. ईशानला हे कळलं तर त्याला आयतंच कोलीत मिळणार. बघ आई, तुला सुचत नाही म्हणतो ते काय उगाच? मग कुलूप जन्मभर निघणार नाही. त्यापेक्षा बिल्डरवर ढकलावं. पण बिल्डरची माती वाईट ठरली की ती उपसा आणि काँक्रीट ओता, हेच उत्तर. खरं सांगितलं तर माझी अब्रू जाणार आणि खोटं सांगितलं तर अंगण जाणार. दुपारभर मी त्या तीन गढूळ ग्लासांसमोर बसून होते आणि मला धड रडूही येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ठरवलं, अंगण वाचवायचं. पण त्यासाठी दुसरा नमुना हवा होता. तीच माती, पण जिला मशीनचं पाणी कधी लागलं नाही. बिल्डरने ज्या ट्रकमधून अंगणात माती टाकली त्याच ट्रकमधून कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याकडेला दोन फुटांची पट्टी भरली होती. तिच्यावर पाऊस सोडून कुणी पाणी घालत नाही. तिथे गवत माजलंय, रानटी तुळस उगवलीय. तीच माती मला हवी होती आणि ती कुलुपापलीकडे होती.

शुक्रवारी धनलक्ष्मीला म्हटलं, "गेट उघड, दोन मिनिटांचं काम आहे."

तिने कानाला हात लावले. सर रागावतील, माझं काम जाईल. मग म्हणाली, "मी आणून देते ना अम्मा, स्वल्प माती, त्यात काय?"

त्यात काय! आमचे जयतीर्थ सर लॅबचे मुख्य होते. दुसऱ्याच्या हातचा नमुना ते टेबलावर ठेवूच द्यायचे नाहीत. कुठून काढला, किती खोल, वरचा पाला झटकला की नाही, हे ज्याने काढला त्यालाच ठाऊक. एकतीस वर्षांची सवय. मला दुसऱ्याने आणलेली माती चालत नाही, एवढं खरं.

बाराला धनलक्ष्मी गेली. मी वॉकर घेऊन गेटपाशी गेले. जाळीतून हात घातला की बाहेरचं कुलूप हाताला लागतं. पहिला नंबर मी मोठ्या भरवशाने लावला, दोन सहा शून्य सहा. सव्वीस जून, माझा वाढदिवस. पोरगं आईच्या कुलुपाला दुसरं काय लावणार? उघडलं नाही. मग त्याचा वाढदिवस लावला, यशश्रीचा लावला, त्यांच्या लग्नाची तारीख, हे गेले ती तारीख. कुलूप ढिम्म हलेना. ऊन टाळूवर आलं होतं, पाय भरून आले होते. तेवढ्यात समोर नजर गेली. दहा पावलांवर ती फरशी. अजून तशीच, एक कोपरा वर उचललेला.

माझा हात आपोआप आकड्यांवर फिरला. शून्य सात शून्य दोन.

खट्.

उघडलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या तोंडून शिवी निघाली आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. रोज सकाळी ऑफिसला जाताना आणि रोज संध्याकाळी घरी येताना हा मुलगा तो दिवस बोटांनी फिरवत होता. सात महिने. मी म्हणत होते याने मला कोंडलंय. हा स्वतःही त्याच दिवसात कोंडून बसला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी बाहेर पडले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, म्हणून ईशाननेच मला चिकपेटच्या बाजारातून लांब दांड्याचं खुरपं आणून दिलं होतं. त्या खुरप्याने पट्टीतलं गवत बाजूला केलं, वरचा पाला झटकला, सहा इंच खाली गेले. माती भुसभुशीत, गडद, आणि तिला वास! पावसाचा, मुळांचा, जिवंत मातीचा. मी तिथे रस्त्यावर उभी राहून बाळाच्या टाळूचा वास घ्यावा तसा मातीचा वास घेत होते. मूठभर माती पिशवीत भरली, पिशवी वॉकरला अडकवली, आत आले, कुलूप परत लावलं. सगळं मिळून वीस मिनिटं.

रविवारी सकाळी मी दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर दोन ग्लास. दोन्हींत डिस्टिल्ड वॉटर, दोन्हींत एकेक वाळकं ढेकूळ. अर्धा तास आम्ही ग्लासांकडे बघत बसलो. डावा ग्लास गढूळला. उजव्यातलं ढेकूळ थोडं ढासळलं, पण पाणी नितळ राहिलं.

"डावीकडे आपलं अंगण," मी म्हटलं. "उजवीकडे त्याच ट्रकमधली माती, पण तिने मशीनचं पाणी प्यायलेलं नाही. बिल्डरची काही चूक नाही. मातीची तर नाहीच." मग मीठ, सोडियम, सगळं सांगितलं.

ईशान ग्लासावर वाकून बघत होता. "पण बागेच्या नळाला ते कनेक्शन..." तो थांबला. यशश्री खिडकीबाहेर बघायला लागली.

"मी घ्यायला लावलं," मी म्हटलं. "तू नको म्हणत होतास. मी ऐकलं नाही."

"आई, तू आयुष्यभर हेच काम केलंस. आणि तुला कळलं नाही?"

ठरवून लावलं नसेल त्याने, पण लागलं. "नाही कळलं," मी म्हटलं. "चांगलंच देतोय अशी खात्री असली की माणूस तपासून बघत नाही. ती कडक होत गेली तसतशी मी आणखी पाणी घालत गेले. दोन वर्षं माझ्याच हातांनी मी तिचा श्वास कोंडला, ईशान. माझी चूक आहे. पण ती मरायच्या आधी मला कळलंय. नळ परत बोअरला जोडायचा, मातीतला सोडियम हुसकावणारं जिप्सम घालायचं, वर पाला पसरायचा आणि पावसाला मीठ धुऊ द्यायचं. दोन-तीन पावसाळे लागतील. पण ती बरी होईल."

उजव्या ग्लासाला मी चिठ्ठी चिकटवली होती. नमुन्याला चिठ्ठी नसली तर तो नमुनाच नव्हे, ही लॅबची शिस्त. त्याने ती वाचली. 'गेटबाहेर, कंपाउंडलगत. खोली सहा इंच. १९ सप्टेंबर. घेणार: कल्पना.' मग परत वाचली.

"धनलक्ष्मीने आणली ना?"

"घेणार कोण ते लिहिलंय की."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू एकटी? बाहेर? त्या फरशीजवळ?" खुर्ची सरकवून तो उठला. "नंबर कुणी सांगितला?"

"कुणी नाही. तुझ्या मनात दुसरा कुठला आकडा आहे, सांग?"

तो तसाच जिना चढून वर गेला. दार आपटल्याचा आवाज आला. यशश्रीने माझ्याकडे पाहिलं, फोन उचलला आणि काँट्रॅक्टरला सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं. अंगण वाचलं होतं. मी मात्र जिन्याकडे बघत बसले.

सोमवारी प्लंबरने नळ बदलला. ईशान माझ्याशी कामापुरतं बोलत होता, पण संध्याकाळी येताना जिप्समची पिशवी घेऊन आला. ती गुपचूप मागच्या दाराशी ठेवली. मला वाटलं, निवळलं.

मंगळवारी बारानंतर मी गेटपाशी गेले. शून्य सात शून्य दोन लावलं. उघडेना. नंबर बदललेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! इतकं दाखवलं, इतकं कबूल केलं आणि याने काय केलं? तर नंबर बदलला. दोन्ही हातांनी मी ते गेट गदागदा हलवलं. समोरच्या घरातली बाई बाल्कनीत येऊन बघायला लागली, बघू दे. मग दमले आणि शांत झाले, तेव्हा मला कळलं नवा नंबर काय असणार ते. एक नऊ शून्य नऊ. शुक्रवारची तारीख, मी एकटी बाहेर गेले तो दिवस.

खट्.

एक भीती काढून दुसरी लावली माझ्या लेकाने. मी कुलूप काढलं, गेटच्या कडीला लटकवलं आणि दोन्ही दारं सताड उघडली. रस्ता समोर होता. तळं अर्ध्या मैलावर होतं. जावं का? जीव तर असा ओढ घेत होता की काय सांगू. पण मी वळले, घरातून सरळ मागच्या अंगणात गेले, जिप्समची पिशवी फोडली आणि कामाला लागले.

साडेसहाला पुढून आवाज आला. "आई?" मग मोठ्याने, "आई!" तो स्वयंपाकघरात धावला, माझ्या खोलीत धावला, जाळीचं दार उघडून वरही जाऊन आला. त्याचा आवाज फाटत गेला. मी ओ दिली नाही. त्या दिवशी पंचवीस मिनिटं मीही हाका मारल्या होत्या, हे त्याच्या मनातून जात नव्हतं आणि माझ्याही. शेवटी तो मागच्या दारात आला, बॅग एका खांद्यावरून लोंबत, घामाने निथळत.

मी खुर्चीत बसून लांब खुरप्याने ढेकळं फोडत होते. हात कोपरापर्यंत जिप्समने पांढरे.

"गेट उघडंय," तो धापा टाकत म्हणाला.

"हो. दुपारपासून. एक कुत्रा येऊन पायपुसण्यावर झोपून गेला."

"आणि तू..."

"मी इथे आहे."

तो पायरीवर बसला. मग पायरीवरून घसरत खाली मातीत बसला, ऑफिसच्या कपड्यांनी. खांदे हलत होते. मी त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने त्याने एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडायला लागला, मग दुसरं. अंधारून येईपर्यंत आम्ही भिंतीकडची एक पट्टी संपवली.

आत जाताना त्याने मला हाताने धरलं. मग आम्ही पुढच्या गेटपाशी गेलो, त्याने कडीला लटकलेलं कुलूप हातात घेतलं. ते लावावं की काढावं, त्याला ठरवता येईना.

"लावायचंच असेल तर लाव," मी म्हटलं. "पण नंबर बदल. सव्वीस जूनला माझा वाढदिवस असतो. विसरला असशील म्हणून सांगते."